तालुक्याचं काम जिल्ह्याला: पाय-थ्रीवर व्हर्च्युअल मशीन चालवताना

"सर, पाटीच खराब निघाली वाटतं. व्हीएम चालूच होईना."

मे महिन्याची दुपार होती. सेलूच्या रस्त्यांवर त्या वेळी कुत्रंसुद्धा दिसत नाही. रुमालात गुंडाळून मुलानं आणलेली पाटी म्हणजे रास्पबेरी पाय 3, कुणाकडून तरी जुनी विकत घेतलेली. पाटी ठणठणीत होती. त्यानं जी आज्ञा उतरवून आणली होती, ती मोठ्या एआरएम सर्व्हरसाठी लिहिलेली होती, आणि तिच्यात जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरची आवृत्ती 3 मागितली होती. पाय-थ्रीवर आवृत्ती 3 सोडाच, जीआयसी नावाची वस्तूच नाही. तरीही पाय-थ्रीवर व्हर्च्युअल मशीन चालतं, प्रोसेसरचा खरा वेग वापरून चालतं. फक्त कोणतं काम कुठे होतंय हे माहीत असायला हवं. हा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या, हातात असलेल्या जुन्या पाटीवर शिकू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

आधी एक खुलासा. लेखात आज्ञा आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती अर्थातच इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची.

इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला मारलेली हाक. डिस्कवरून माहिती आली, नेटवर्कवर पाकीट आलं, घड्याळाचा ठोका पडला, की हाक जाते. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, हाकेला ओ देतो आणि परत कामाला लागतो. हाका मारणारे अनेक असतात, म्हणून मध्ये एक कारकून बसवलेला असतो: कुणाची हाक आधी घ्यायची, ती कोणत्या कोअरकडे द्यायची, काम झाल्यावर नोंद कशी मिटवायची हे तो बघतो. त्या कारकुनाचं नाव इंटरप्ट कंट्रोलर. एआरएमच्या जगात त्याचा प्रचलित प्रकार म्हणजे जीआयसी.

व्हर्च्युअल मशीनमधल्या पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही असा कारकून लागतो. खरा कारकून तिच्या हाती देता येत नाही, कारण तो यजमानाच्या कामात गुंतलेला असतो. मग नकली उभा करावा लागतो, आणि तो दोन ठिकाणी बसवता येतो: लिनक्सच्या कर्नलमध्ये, केव्हीएम या तिथल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीच्या शेजारी, किंवा कर्नलबाहेर, क्यूएमूसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये. फरक सेलूच्या माणसाला लगेच कळेल. पहिल्या प्रकारात अर्ज आपल्या तहसीलमध्येच निकाली निघतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अर्ज घेऊन गाडी धरायची, मानवत रोड मागे टाकत परभणीला जायचं, शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. काम दोन्हीकडे सारखंच होतं आणि शिक्काही तोच असतो, पण दिवस जातो तो फेऱ्यांत.

पाय-थ्रीला ही परभणीची वारी का घडते? त्यातल्या बीसीएम 2837 चिपमध्ये कॉर्टेक्स-ए53 चे चार कोअर आहेत आणि त्यांना व्हर्च्युअलायझेशनची सोय पूर्ण आहे. इंटरप्टसाठी मात्र ब्रॉडकॉमनं स्वतःचाच जुना कंट्रोलर ठेवला, जीआयसी घातलाच नाही. केव्हीएमची कर्नलमधली नकली जीआयसी उभी राहते ती खऱ्या जीआयसीच्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीवर टेकून. इथे टेकायलाच काही नाही. 2015 चा पाय-टू, 2016 चा पाय-थ्री आणि 2021 चा झीरो-टू-डब्ल्यू हे तिन्ही या बाबतीत एका माळेचे मणी. 2019 च्या पाय-फोरमध्ये जीआयसी-400 आला आणि हा प्रश्न संपला. पाय-फाइव्हमध्येही तो आहे.

2017 च्या आधी पाय-थ्रीवर केव्हीएमचा हट्ट म्हणजे कर्नलला ठिगळं लावत बसणं होतं. अडचण घड्याळाची होती. पाहुण्याचं घड्याळ कर्नल सांभाळणार आणि कारकून बसणार बाहेर. मग ठोका पडला हे बाहेरच्याला कळवायचं कुणी? त्या काळी सुसे कंपनीत असलेल्या अलेक्झांडर ग्राफ यांनी हा निरोप पोचवण्याची व्यवस्था लिहिली. ती जुलै 2017 च्या लिनक्स 4.12 मध्ये आली, आणि क्यूएमूच्या 2.10 आवृत्तीनं ती वापरायला सुरुवात केली. तुमच्याकडे याहून नवं असणारच, पण मुळात हा रस्ता आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता हात चालवू.

यजमान सिस्टिम 64 बिटांचीच हवी. 32 बिटांच्या एआरएमवर यजमान म्हणून केव्हीएम चालवण्याची सोय लिनक्स 5.7 पासून, म्हणजे 2020 मध्ये, काढून टाकली. पाय-टूची सुरुवातीची पाटी 32 बिटांचीच असल्यानं ती इथेच बाद होते. पाय-थ्रीवर अनेकांनी जुन्या सवयीनं 32 बिटांची रास्पबेरी पाय ओएस घातलेली असते. "यूनेम" ही आज्ञा "वजा एम" देऊन चालवा. उत्तर "एआर्च64" आलं तर पुढे चला. दुसरं काही आलं तर कार्ड नव्यानं लिहा. फक्त कर्नल बदलून वेळ काढू नका, कारण क्यूएमूसुद्धा 64 बिटांचाच लागेल.

मग "डेव्ह" फोल्डरमध्ये "केव्हीएम" नावाची फाइल आहे का ते पाहा. नसेल तर "डीमेसेज" चालवून त्यातल्या केव्हीएमच्या ओळी वाचा. हायप मोड सुरू झाला, असं तिथे दिसायला हवं. जीआयसीबद्दल तक्रारीचा सूर दिसला तरी घाबरू नका. कर्नल तिथे "कारकून नाही" एवढंच सांगतो आणि केव्हीएम सुरूच ठेवतो. फाइल आहे पण परवानगी नाकारली जाते, तर स्वतःला "केव्हीएम" गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. हे लॉगआउट दहातले आठ जण विसरतात आणि मग सगळं "सुडो" लावून चालवत बसतात. तसं करू नका. कारकून बाहेर बसवण्याचा एक फायदाच हा आहे की तो साध्या वापरकर्त्याच्या हक्कात राहतो.

आता आज्ञा. प्रोग्रॅम "क्यूएमू-सिस्टिम-एआर्च64". मशीन "वर्ट". यादीत "रासपी-थ्री-बी" हेही नाव दिसतं आणि पाय-थ्रीच्या मालकाचा हात आपसूक तिकडे जातो. ते मशीन म्हणजे पाय-थ्रीच्या पाटीची सॉफ्टवेअरमधली नक्कल आहे. आपल्या कामाचं नाही. मशीनच्याच पर्यायात स्वल्पविराम देऊन "जीआयसी-व्हर्जन" बरोबर 2 लिहा. "अ‍ॅक्सेल" या पर्यायात "केव्हीएम" आणि त्याला जोडून "कर्नल-आयआरक्यूचिप" बरोबर "ऑफ". नवा क्यूएमू कर्नलकडे चौकशी करून पुष्कळदा स्वतःच या वाटेला लागतो, तरी हातानं लिहाच. सहा महिन्यांनी ती फाइल उघडाल तेव्हा आपण काय केलं होतं ते एका नजरेत कळेल. आवृत्ती 2 च का? कर्नलबाहेरची जीआयसी आणि केव्हीएम या जोडीला क्यूएमूमध्ये आवृत्ती 3 ची परवानगी नाही. त्या मुलाची आज्ञा अडली ती इथेच. आवृत्ती 2 मध्ये जास्तीत जास्त आठ कोअर मावतात, पण चार कोअरांच्या पाटीवर ती मर्यादा कुणाला टोचणार?

सीपीयू "होस्ट". मेमरी 256 एमबी. पाटीवर एकूण 1 जीबी आहे आणि त्यातून यजमानालाही जगायचंय. "पीएमयू"बद्दल (प्रोसेसरची कामगिरी मोजणाऱ्या भागाबद्दल) तक्रार आली तर सीपीयूच्या पर्यायात तो "ऑफ" करून पाहा. शिकण्याच्या कामात त्यावाचून काही अडत नाही. "नोग्राफिक" द्या आणि पाहुण्याचा कन्सोल टर्मिनलमध्येच घ्या. पाहुणा म्हणून अल्पाइन लिनक्ससारखा सडपातळ गडी निवडा. डेस्कटॉप असलेली उबुंटू 256 एमबीत घालणं म्हणजे बैलगाडीत आख्खं जिनिंग भरण्यासारखं आहे.

"एसएमपी", म्हणजे पाहुण्याला द्यायचे कोअर, मात्र 1. एकच. यावर मी अडून बसणार आहे. कारण पुढे येतं.

मशीन सुरू झालं की पहिली खात्री करायची: खरंच केव्हीएम चालतंय का? उतरवलेल्या आज्ञांत पुष्कळदा केव्हीएमच्या पाठोपाठ "टीसीजी" हा राखीव पर्यायही लिहिलेला असतो. केव्हीएम जमलं नाही तर क्यूएमू टीसीजीवर, म्हणजे प्रत्येक सूचनेचा सॉफ्टवेअरमध्ये अनुवाद करून चालण्यावर, उतरतो. मशीन बूट होतं, माणूस खूश होतो, आणि नंतर "केव्हीएम फार स्लो आहे" म्हणत गावभर फिरतो. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये जा (नोग्राफिकमध्ये कंट्रोल-ए दाबून मग सी) आणि "इन्फो केव्हीएम" विचारा. "एनेबल्ड" आलं पाहिजे. आलं नाही, तर लेख पुढे वाचण्यात अर्थ नाही. वर जाऊन परवानगी तपासा.

आता वेळ कुठे जातो ते पाहू. माझ्या मते या प्रकाराची खरी किंमत इथे आहे.

पाहुण्याच्या घड्याळाचा एकच ठोका घ्या. ठोका पडतो, पाहुणा थांबतो आणि ताबा केव्हीएमकडे येतो. केव्हीएमकडे कारकून नाही, म्हणून तो "घड्याळ वाजलं" अशी चिठ्ठी लिहून क्यूएमूकडे परततो. ही पहिली फेरी. क्यूएमूमधली जीआयसी 27 क्रमांकाच्या इंटरप्टची नोंद करते, कर्नलला सांगून पाहुण्याच्या प्रोसेसरची हाकेची तार ओढते आणि पाहुण्याला परत सोडते. पाहुणा विचारतो, "कोण हाक मारतंय?" म्हणजे तो जीआयसीचं एक रजिस्टर वाचतो. ते रजिस्टर क्यूएमूत आहे, म्हणून पुन्हा परभणी. ही दुसरी फेरी, आणि उत्तर येतं: 27. पाहुणा घड्याळाचं काम उरकतो, पुढचा ठोका लावतो. हे त्याला थेट करता येतं, त्यासाठी फेरी नाही. मग "27 चं काम झालं" असं तो दुसऱ्या रजिस्टरमध्ये लिहितो. तिसरी फेरी. आणि लिनक्सचा जीआयसी-टूचा ड्रायव्हर सावध गृहस्थ आहे, निघण्यापूर्वी तो पुन्हा विचारतो, "आणखी कुणी आहे का?" उत्तर 1023, म्हणजे कुणी नाही. चौथी फेरी, तीही "कुणी नाही" एवढं ऐकण्यासाठी.

एका ठोक्याला चार फेऱ्या. पाहुण्याचा कर्नल सेकंदाला 250 ठोक्यांवर बांधलेला असेल, तर पाहुणा कामात असताना प्रत्येक व्हीसीपीयूमागे, म्हणजे पाहुण्याच्या प्रत्येक आभासी कोअरमागे, सेकंदाला 1000 फेऱ्या नुसत्या घड्याळापायी. 100 ठोक्यांचा कर्नल असेल तर 400. काही डिस्ट्रोंत 1000 ठोके असतात. तिथे हिशोब तुम्हीच करा. पाहुणा निवांत असेल तर आजचा लिनक्स ठोके थांबवतो, म्हणून रिकामं मशीन गार दिसतं आणि काम पडलं की पाटी तापते. पाय-फोरवर हाच ठोका कर्नलमध्येच मिटतो. "कोण" आणि "झालं" हे दोन्ही प्रश्न तिथे पाहुणा थेट हार्डवेअरला विचारतो, क्यूएमूला त्याची खबरही नसते.

हे कानावर विश्वास ठेवून घेऊ नका, डोळ्यांनी पाहा. यजमानावर "केव्हीएम-स्टॅट" चालवा. एआरएमवर त्यात "एमएमआयओ-एक्झिट-युजर" आणि "एमएमआयओ-एक्झिट-कर्नल" असे दोन आकडे दिसतात. एमएमआयओ म्हणजे पाहुण्यानं डिव्हाइसची रजिस्टरं वाचणं-लिहिणं. पहिला म्हणजे परभणीच्या वाऱ्या, दुसरा म्हणजे तालुक्यात मिटलेले अर्ज. आपल्या मशीनवर पहिला पळत राहील. पाहुण्यात एखादं रिकामं लूप लावून द्या आणि दुसऱ्या खिडकीत आकडा बघत बसा. त्याच वेळी पाहुण्यातली "प्रॉक" मधली "इंटरप्ट्स" फाइल दहा सेकंदांच्या अंतरानं दोनदा वाचा. "आर्च-टायमर"च्या ओळीतला फरक दहानं भागला की ठोक्यांचा वेग मिळतो. त्याला तीननं गुणा, कारण पहिली फेरी रजिस्टरची नसून घड्याळाच्या चिठ्ठीची असते. गुणाकार "एमएमआयओ-एक्झिट-युजर"च्या सेकंदाच्या आकड्याजवळ जाईल. थोडा जास्तच दिसेल, कारण कन्सोल आणि डिस्कचीही ये-जा असते. मुलांना हे करायला लावलं की "इंटरप्ट म्हणजे काय" यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

आता एक कोअरचा हट्ट. क्यूएमूतल्या नकली जीआयसीच्या दारावर एकच कुलूप आहे. त्याला बीक्यूएल म्हणतात, मोठं कुलूप. कुठल्याही व्हीसीपीयूची फेरी असो, किल्ली घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. चार व्हीसीपीयू दिले की घड्याळाच्याच सेकंदाला चार हजार फेऱ्या एका दाराशी रांग लावतात. त्यात भर म्हणजे लिनक्सचे कोअर एकमेकांनाही हाका मारतात, "हे काम उचल" अशा. खऱ्या यंत्रात त्या क्षणात पोचतात. इथे त्याही क्यूएमूतून जातात, समोरच्या व्हीसीपीयूच्या थ्रेडला ढोसून जागं करावं लागतं, आणि मग तोही "कोण?" विचारायला त्याच रांगेत येतो. काही कामं चार कोअरवर एकापेक्षा हळू झालेली मी पाहिली आहेत. दोन स्वतंत्र मशीनं हवी असतील तर एकेक कोअरची दोन मशीनं चालवा. प्रत्येक क्यूएमूचं कुलूप वेगळं असतं.

डिस्क आणि नेटवर्कसाठी "व्हर्टआयओ"ची पीसीआय आवृत्ती घ्या, एमएमआयओची नको. एमएमआयओ प्रकारात पाहुण्याला हाक आल्यावर डिव्हाइसकडे जाऊन "का बोलावलं?" आणि "बरं, कळलं" या आणखी दोन फेऱ्या माराव्या लागतात. पीसीआयमध्ये संदेशाच्या रूपानं येणारे इंटरप्ट असल्यानं त्या वाचतात. नेटवर्कच्या ओळीत कुणी "व्हीहोस्ट" चालू करायला सांगितलं असेल तर ते काढून टाका. त्याचा बराचसा फायदा कर्नलमधून परस्पर हाक मारण्यात असतो, आणि ती आडवाट आपल्याकडे बंद आहे.

एवढं सगळं करून मशीन पळतं का? आकडेमोडीच्या कामात पाहुण्याचा कोड थेट प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे टीसीजीच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. एखादा छोटा सी प्रोग्रॅम कंपाइल करणं, पायथन शिकणं, छोटा वेब सर्व्हर उभा करून फायरवॉलचे नियम तपासणं, स्वतःचं कर्नल मॉड्यूल लिहून मशीन दहा वेळा पाडणं, हे मजेत होतं. जिथे पाकिटांचा किंवा डिस्कच्या विनंत्यांचा पाऊस पडतो तिथे जीव गुदमरतो. शाळेचा निकाल लावणारा डेटाबेस किंवा आख्ख्या लॅबचा राउटर या व्हीएममध्ये टाकू नका. कुणी तसं सुचवलं तर त्याला केव्हीएम-स्टॅटची खिडकी दाखवा.

हे काही गरिबाघरचंच दुखणं आहे असं समजू नका. अ‍ॅपलच्या एम-वन मॅकवर यूटीएम या प्रोग्रॅमनं लिनक्स चालवणाऱ्यांचा कारकूनही वर्षानुवर्षं क्यूएमूतच बसलेला होता. मॅकओएसच्या हायपरव्हायझर फ्रेमवर्कमध्ये अ‍ॅपलनं स्वतःची जीआयसी दिली ती 2024 च्या मॅकओएस 15 मध्ये. महागडा लॅपटॉप आणि आपली पाय-थ्री, रांग तीच. त्यांची गाडी वेगवान, म्हणून परभणी जवळ वाटते.

ज्यांच्याकडे इंटेल किंवा एएमडीचा जुना लॅपटॉप आहे त्यांनी हा लेख वाचून उत्साहात "ऑफ" करू नये. तिथे कर्नलची सोय शाबूत असते, ती बंद केली की एक्स2एपिक आणि टीएससी-डेडलाइन टायमरसारख्या सुविधा पाहुण्याला मिळत नाहीत, आणि रिकामा बसलेला पाहुणासुद्धा "मी झोपतो" हे सांगायला क्यूएमूपर्यंत येतो. तिथे एक मधला मार्गही आहे, "स्प्लिट" नावाचा. रोजच्या वापराचा कारकून, म्हणजे लोकल एपिक, कर्नलमध्ये राहतो आणि जुनाट पीआयसी व आयओ-एपिक बाहेर जातात. रोजचे दाखले तहसीलमध्ये आणि क्वचित लागणारा नकाशा जिल्ह्याला, असं समजा. गूगलच्या अभियंत्यांनी लिहिलेली ही सोय लिनक्स 4.4 मध्ये, 2016 च्या जानेवारीत आली. तिच्यामागचा विचार सुरक्षिततेचा. कर्नलमधल्या नकली डिव्हाइसमध्ये चूक निघाली तर पाहुण्याचा हात थेट यजमानाच्या गळ्यापर्यंत जातो. बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर निदान मध्ये एक भिंत असते. इंटेलच्या नकली आयओएमएमयूवर इंटरप्ट रिमॅपिंग हवं असेल तर स्प्लिट लागतंच. पण 2019 मध्ये क्यूएमूच्या 4.0 आवृत्तीनं क्यू35 मशीनला स्प्लिट हीच मूळ सेटिंग केली आणि लगेच पुढच्या दुरुस्तीत ती मागे घ्यावी लागली, कारण काही लोकांची थेट जोडलेली कार्डं रखडायला लागली. म्हणजे खुद्द बांधणाऱ्यांचाही अंदाज इथे चुकतो. कारण नसेल तर हात लावू नका.

आता आपल्या गावचे दोन प्रश्न, जे परदेशी मार्गदर्शनात सापडत नाहीत.

पहिला उन्हाचा. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42-43 अंशांना टेकतो. पत्र्याखालच्या खोलीचं तापमान विचारू नका. पाय-थ्री 80 अंशांना पोचली की स्वतःचा वेग कमी करू लागते, आणि 43 अंशांच्या हवेत तिला तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. फेऱ्यांचा भार यजमानाच्या प्रोसेसरवरच असतो, त्यामुळे पाहुणा जेवढा बोलका तेवढी पाटी तापते. उष्णता शोषणारा ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवा, पाटी उभी ठेवा, आणि प्लास्टिकच्या डबीचं झाकण उन्हाळ्यापुरतं काढून टाका. "व्हीसीजेनसीएमडी" या आज्ञेला "गेट-थ्रॉटल्ड" विचारा. शून्य आलं तर छान. 50005 असा आकडा आला तर समजा, वीजदाब आत्ता कमी आहे आणि वेगही आत्ता कमी केलेला आहे. दोष व्हीएमचा नाही, मोबाइलच्या चार्जरचा आहे. पाय-थ्रीला 5 व्होल्ट, अडीच अँपिअरचा अडॅप्टर लागतो. बाजारातली बारीक केबलसुद्धा दाब खाते. मी पहिले दोन दिवस "ऑफ" या पर्यायाला शिव्या घालत होतो आणि गुन्हेगार निघाली केबल.

दुसरा विजेचा. पाय-थ्रीवर बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज जाऊन आली की पाटी जुनी तारीख घेऊन उठते, आणि इंटरनेट मिळेपर्यंत तीच खरी मानते. पाहुण्यालाही तीच तारीख मिळते, मग त्याचं सॉफ्टवेअर अपडेट "प्रमाणपत्र वैध नाही" म्हणून अडतं आणि माणूस नेटवर्क दुरुस्त करत बसतो. आधी "डेट" चालवून बघा. यजमानाची वेळ जुळल्यावरच पाहुणा सुरू होईल अशी व्यवस्था केली तर बरं. आणि पाहुण्याच्या डिस्कची फाइल मेमरी कार्डवर ठेवू नका. ऐन लिहिताना वीज गेली तर यजमान आणि पाहुणा दोघंही एकदमच जातात. फाइल पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या एसएसडीवर ठेवा, तिची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि मूळ फाइल न बदलता वरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये घेणारा क्यूएमूचा "स्नॅपशॉट" पर्याय वर्गात सर्रास वापरा. मुलांनी काहीही मोडलं तरी मशीन बंद करून सुरू केलं की सगळं पूर्ववत.

शेवटी मला सर्वांत आवडणारी गोष्ट. कारकून क्यूएमूत बसल्यामुळे त्याची वही आपल्याला उघडून वाचता येते. पाय-फोरवर तो कर्नल आणि हार्डवेअरच्या आत गडप असतो. इथे क्यूएमूला "ट्रेस" पर्यायात "जीआयसी" आणि खाली रेघ यांनी सुरू होणाऱ्या सगळ्या घटना दाखवायला सांगा, आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. मिनिटभरही चालवू नका, फाइल फुगते. पाहुणा बूट होत असताना त्यात पहिल्या नोंदी कारकुनाला कामावर रुजू करून घेण्याच्या दिसतात, मग 27, 27, 27 असा घड्याळाचा ताल सुरू होतो, आणि मध्येच डिस्कचा एखादा वेगळा क्रमांक येऊन जातो. पुस्तकात जे चौकोन आणि बाण काढून दाखवतात ते इथे ओळीओळीनं घडताना दिसतं. रुमालात पाटी घेऊन आलेल्या त्या मुलानं ती फाइल छापून आणली, आणि 1023 च्या प्रत्येक आकड्यावर लाल शाईनं खूण करून विचारलं, "सर, हा रोज कशाला येतो, कुणी नसताना?"

ज्यांना रोजच्या कामासाठी चार व्हीएम चालवायच्या आहेत त्यांनी पैसे साठवून पाय-फोर किंवा पाय-फाइव्ह घ्यावा, त्याला पर्याय नाही. पण शिकायचं असेल आणि घरातल्या कपाटात पाय-थ्री पडून असेल, तर ती भंगारात देऊ नका. एक कोअर, 256 एमबी, आवृत्ती 2, आणि "ऑफ". आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावून बघा.